अनुमान काढतंय कोण? : कोबिल्ड शब्दकोश वापरल्यावर

इंग्रजीतल्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी 'डेटा इन्फर्स' असं लिहिलं होतं, तेही तीनदा. मार्गदर्शक बाईंनी तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने गोल केले आणि समासात विचारलं, 'अनुमान काढतंय कोण?' असे शब्द मी एका ॲपवरून पाठ केले होते. तिथे 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' दोन्हींपुढे एकच अर्थ होता, सूचित करणे.

मग कोबिल्ड हाताशी घेतला. १९८७ साली पहिल्यांदा निघालेल्या या इंग्रजी शब्दकोशात व्याख्या पूर्ण वाक्यात देतात आणि तो शब्द त्या वाक्यातच बसवलेला असतो. 'इन्फर'च्या व्याख्येत कर्ता 'तुम्ही' आहे : हाती असलेल्या माहितीवरून तुम्ही काहीतरी खरं आहे असं ठरवता. 'इम्प्लाय'चा कर्ता बोलणारा माणूस असतो, किंवा एखादी घटना, परिस्थिती. म्हणजे डेटा 'इम्प्लाय' करतो, 'इन्फर' मी करते! काही लोक 'इन्फर' हा 'इम्प्लाय'च्या अर्थाने वापरतात, पण पुष्कळांना ते चूक वाटतं, हेही तिथे नोंदवलंय. माझी नेमकी चूक तिथे छापलेली पाहून फार बरं वाटलं.

कोणते शब्द शोधायचे यासाठी मी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट', म्हणजे अभ्यासपर लेखनात वारंवार येणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी, धरली आहे. त्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द) आहेत, वापराच्या प्रमाणानुसार १० गटांत लावलेली. पहिल्या नऊ गटांत ६०-६०, शेवटच्यात ३०. यादीत अर्थ नाहीत, म्हणून ही जोडी छान जमते. पहिल्याच गटातला 'अझ्यूम' घ्या. 'गृहीत धरणे' मला येत होतं, पण जबाबदारी किंवा सत्ता हाती घेणं हाही त्याचाच अर्थ, हे कोबिल्डमध्ये वाचेपर्यंत डोक्यात नव्हतं.

वेळ मात्र लागतो. वाक्यं लांब असतात, एका शब्दाला चार-पाच अर्थ असले की पाच मिनिटं सहज जातात. परीक्षा आठवड्यावर आली असेल तर यात पडू नका. आणि आपापल्या विषयाची परिभाषा या यादीत सापडणार नाही, ती वेगळीच जमवावी लागते.

मी रोज पाच शब्द घेते. व्याख्या वाचायची, वही मिटायची आणि त्याच साच्यात स्वतःच्या प्रबंधातलं एक वाक्य लिहायचं. सध्या चौथ्या गटात आहे. दुसरं प्रकरण परवा पुन्हा बाईंकडे दिलंय.