जुन्या मर्सिडीज २४० डीमध्ये सँडेनचा एसडी५एच१४ कॉम्प्रेसर

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील मोटारी १९७६ पासून जवळपास दशकभर बनत होत्या आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांच्या एसीसाठी आर-४ हा चार सिलिंडरांचा रेडियल (सिलिंडर शाफ्टभोवती चक्राकार मांडलेले) कॉम्प्रेसर असे. चाळीस वर्षांनंतर त्याचे शाफ्ट सील आणि कवचाखालच्या ओ-रिंगा कडक होऊन गॅस गळू लागतो. याच मालिकेतील माझ्या २४० डी या डिझेल गाडीत त्याच्या जागी सँडेन कंपनीचा एसडी५एच१४ कॉम्प्रेसर बसवला असून पुण्याचा एक पूर्ण उन्हाळा त्यावर काढला आहे.

गारव्याची अपेक्षा आधीच माफक ठेवावी. आर-४ एका फेऱ्यात सुमारे १६३ घनसेंटीमीटर गॅस ओढतो, तर सँडेन १३८. त्यामुळे केवळ कॉम्प्रेसर बदलल्याने हवा अधिक थंड होईल, हा समज चुकीचा आहे. खरा लाभ चालण्यात आहे. सँडेनमधील पाच पिस्टन शाफ्टला समांतर असतात आणि डुलणाऱ्या तबकडीमुळे ते एकामागून एक दाब देतात, म्हणून इंजिनावरचा भार सलग राहतो. ७२ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला हे महत्त्वाचे आहे: सिग्नलवर कॉम्प्रेसरचा क्लच लागताना बसणारा हिसका बराच सौम्य झाला आहे, आणि खंबाटकीच्या चढावर एसी बंद करण्याची घाईही आता होत नाही.

बसवण्याचे काम मात्र नाजूक आहे. या कॉम्प्रेसरला बाजूला कान असतात, त्यामुळे इंजिनावर वेगळे ब्रॅकेट लागते. स्थानिक फॅब्रिकेटरकडून ते करून घेताना प्लेट जाड घ्यावी आणि पट्टा क्रँक पुलीच्या खाचेशी अगदी सरळ रेषेत येतो का, हे पट्टी लावून तपासावे. किंचित तिरका पट्टाही लवकर झिजतो आणि आवाज करतो.

याहून मोठा प्रश्न गॅसचा. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर या गाड्यांतला मूळ गॅस आर-१२ हळूहळू हद्दपार झाला आणि आज अशा कामात आर-१३४ए हाच व्यवहार्य पर्याय आहे. जुन्या खनिज तेलात तो मिसळत नाही, म्हणून सर्व नळ्या धुऊन कॉम्प्रेसरसाठी सांगितलेले पीएजी हे कृत्रिम तेलच वापरावे. रिसीव्हर ड्रायर (गॅसमधील ओलावा शोषणारी डबी) आणि ओ-रिंगा बदलाव्यात, होज बॅरिअर प्रकारचे, म्हणजे आत गॅस रोखणारा थर असलेले घ्यावेत, नंतर व्हॅक्यूम काढून गॅस वजन करूनच भरावा. गाडीच्या जुन्या पाटीवरील आर-१२ च्या वजनाचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. साधारण ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरुवात करणे योग्य ठरते. अनेक मेकॅनिक केवळ गेजचा काटा पाहून समाधान मानतात, तेथे थोडा आग्रह धरावा लागतो.

माझ्या मते खर्चाचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे नवा पॅरलल-फ्लो कंडेन्सर, म्हणजे अनेक समांतर बारीक नळ्यांतून गॅस थंड करणारी जाळी. आर-१३४ए चा दाब आयडलिंगवर जास्त चढतो आणि जुना नळ्या-पत्र्यांचा कंडेन्सर उभ्या गाडीत तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. समोरचा विजेचा पंखा चालू अवस्थेत नसेल, तर आधी तो दुरुस्त करावा.

बाजारात ‘५०८’ या जुन्या नावाने सारख्याच दिसणाऱ्या नकला मिळतात. त्यामुळे मॉडेल क्रमांकाची पाटी आणि पुलीच्या खाचा पाहूनच माल घ्यावा. ज्यांची गाडी प्रदर्शनात मूळ स्वरूपात उभी करायची आहे, त्यांनी हा बदल न करता नव्या सीलचा आर-४ शोधावा. रोज शहरात गाडी चालवणाऱ्यांसाठी मात्र मी सँडेनचीच शिफारस करीन, अर्थात कंडेन्सरचे पैसे वेगळे काढून ठेवले असतील तर.