ॲप्टिट्यूड: अडलेल्या अपग्रेडचं निदान करायला उत्तम, पूर्ण अपग्रेडला नको

डेबियन या लिनक्स प्रणालीवर 'अनमेट डिपेन्डन्सीज' (पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस न जुळणं) आलं की ॲप्ट हा पॅकेजेस टाकणारा प्रोग्राम बऱ्याचदा 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' म्हणून थांबतो. हा संदेश चकवतो. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' चालवलं तर यादी अनेकदा रिकामीच निघते, म्हणजे पॅकेज कुणी रोखून धरलेलंच नसतं. त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम ॲप्टिट्यूड इथे खरा उपयोगी पडतो, कारण तो एकामागून एक तोडगे समोर ठेवतो.

डेबियन 12 वरचा नेहमीचा गुंता घ्या. बिल्ड-इसेन्शियल (प्रोग्राम बांधायच्या साधनांचं पॅकेज) टाकताना त्याला लागणारं लिबसी6-डेव्ह अडतं. त्याला लिबसी6 या मूळ सी लायब्ररीची 2.36-9+डेब12यू4 ही आवृत्ती हवी असते आणि मशीनवर डेब12यू10 बसलेली असते. डेव्ह पॅकेजची अट 'नेमकी हीच आवृत्ती' अशी असल्यामुळे नवी असूनही चालत नाही. ॲप्टिट्यूडचा पहिला तोडगा बहुधा 'आहे तसंच राहू द्या' असा असतो. एन दाबलं की पुढे लिबसी6 खालच्या आवृत्तीवर आणायचा तोडगा येऊ शकतो. तिथे वाय अजिबात दाबू नका! मशीनवरचे जवळपास सगळे प्रोग्राम या एका लायब्ररीवर उभे आहेत आणि डेबियन डाउनग्रेडला पाठिंबा देत नाही. क्यू दाबून बाहेर या, 'ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबसी6' बघा. बसलेल्या आवृत्तीखाली फक्त डीपीकेजीची स्टेटस फाइल (मशीनवर काय बसलंय त्याची नोंद) दिसली, एकही रेपो (पॅकेजेसचं भांडार) नाही, तर दोष सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीत आहे: सिक्युरिटीची ओळ गळलेली, मिरर (रेपोची प्रत ठेवणारा सर्व्हर) शिळा किंवा जुन्या डीव्हीडीचीच ओळ उरलेली. ती दुरुस्त करून 'ॲप्ट अपडेट' केलं की गाठ सुटते. सोर्सेसमध्ये जे नाही, ते तोडगा शोधणारा कुठलाच रिझॉल्व्हर सुचवू शकत नाही.

नको असलेल्या ओळीचा क्रमांक आर सोबत दिला, उदाहरणार्थ 'आर 2', की तो मार्ग पुढच्या तोडग्यांतून बाद होतो. ही सोय फार मोलाची आहे. 'ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट' आणि पॅकेजचं नाव दिलं की कोण आडवं येतंय त्याची साखळी दिसते. तेवढ्यासाठीसुद्धा हे साधन मशीनवर असावं.

12 वरून 13 वर जाताना मात्र ॲप्टच वापरा; डेबियनच्या रिलीज नोट्सही तेच सांगतात. आधी 'ॲप्ट अपग्रेड'ला 'विदाउट-न्यू-पीकेजीएस' जोडून चालवा, मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. 13 मध्ये कितीतरी लायब्रऱ्यांची नावं टी64 जोडून बदलली आहेत (लिबएसएसएल3 चं लिबएसएसएल3टी64 झालं), त्यामुळे काढायच्या पॅकेजांची यादी लांबलचक दिसते. जुन्या नावाच्या जागी टी64 चं नाव येत असेल तर घाबरू नका. डेस्कटॉपचं मेटापॅकेज (अनेक पॅकेजेस एकत्र आणणारं पॅकेज) त्या यादीत दिसलं तर मात्र थांबा.

एक खोड मात्र त्रासदायक आहे. ॲप्टिट्यूड अर्धवट सोडलेले निर्णय लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच अमलात आणायला बघतो. म्हणून प्रयोग झाल्यावर 'ॲप्टिट्यूड कीप-ऑल' चालवूनच मोठ्या अपग्रेडला हात घाला.