खिशातला टीडीएस मीटर : मेहसाण्याच्या तेलविहिरींशेजारी दोन पावसाळे

मी मूळची भुसावळची, गेली सहा वर्षं गुजरातमधल्या मेहसाणा भागात पाण्याचे नमुने घेते. इथे एरंडीच्या, जिऱ्याच्या शेतांत तेलाचे पंप दिवसरात्र मान खालीवर करत असतात आणि हाकेच्या अंतरावर शेतकऱ्याची बोअर असते. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजणारा हा पेनासारखा मीटर दोन वर्षांपूर्वी 2,300 रुपयांना घेतला. टोपण काढायचं, टोक पाण्यात बुडवायचं, आकडा स्थिरावेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबायचं.

तेलासोबत जमिनीतून खारं पाणी वर येतं. नियमाप्रमाणे तेलक्षेत्रातून जमिनीवर सोडायच्या पाण्यात टीडीएस लिटरला 2100 मिलिग्रॅम आणि क्लोराइड 600 च्या वर जाता कामा नये. खोदकामाचा चिखल साठवायचा खड्डाही जाड प्लॅस्टिकच्या लायनरने मढवायचा असतो. कागदावर हे सगळं असतं, पण बांधावर उभं राहिल्यावर हातात काहीतरी मोजणारं लागतं.

गेल्या ऑगस्टमध्ये दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. एका खड्ड्याच्या बांधाखाली करडं पाणी साचलेलं दिसलं. साइटवरचे लोक म्हणाले, पावसाचंच आहे. शेजारच्या चरात मीटर बुडवला, 140. करड्या पाण्यात बुडवला, 4,600. त्यांनीही वाकून आकडा पाहिला. मग वाद घातला नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला, संध्याकाळपर्यंत टँकर आला, खड्डा उपसला आणि बांध चढवला. शेताचे मालक काका तोवर छत्री धरून तिथेच उभे होते. त्यांच्या बोअरचा आकडा तेव्हा 1,320 होता, आजही त्याच्याच आसपास आहे. मला बरं वाटलं ते त्यामुळे.

ते 1,320 मला आधीपासून माहीत होते, म्हणून एवढं खात्रीने सांगता आलं. या भागातलं भूजल बऱ्याच ठिकाणी मुळातच खारं आहे. नुसता आजचा आकडा दाखवून कोणावर बोट ठेवता येत नाही. तेलविहीर खोदणारी रिग यायच्या आधी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, बोअर मोजून तारखेसकट लिहून ठेवा. जानेवारी 2020 पासून तेल शोधण्यासाठी खोदलेल्या शोधविहिरी पर्यावरण मंजुरीच्या नियमांतल्या बी-2 या सौम्य तपासणीच्या गटात गेल्या. त्यांना पर्यावरण मंजुरी लागते, पण जनसुनावणी होत नाही. ज्याच्या शेताशेजारी रिग उभी राहणार, त्याला कुणी विचारतच नाही, हे मला मनापासून खटकतं.

आता मीटरच्या उणिवा. याला तेल दिसत नाही. पाण्यावर तवंग असेल तर काचेच्या बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळाच गाठावी लागते. उलट टोकाला तेल चिकटलं की आकडा कमी दाखवतो. साबणाच्या कोमट पाण्यात खळबळून, साध्या पाण्याने धुऊन मगच पुढचं मोजमाप घ्यायचं. पंधरा दिवसांत आकडा थोडा सरकतो, म्हणून 1413 मायक्रोसीमेन्सच्या (हे विद्युतवाहकतेचं माप, टीडीएसचं नव्हे) प्रमाणित द्रावणात तपासून घेते. बॅटरीचं झाकण पहिल्याच पावसाळ्यात सैल झालं, त्यावर रबर लावलंय.

पाचपैकी चार. घेणार असाल तर द्रावणाची बाटली सोबतच मागवा आणि मंजुरीपत्रातल्या अटींची प्रत गावात ठेवा. अटी पाळल्याचे अहवाल कंपनीला दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावे लागतात. आपले आकडे त्यांच्याशेजारी ठेवून बघता येतात.