दुहेरी पापणी: धागा की छेद?

दुहेरी पापणीची, म्हणजे वरच्या पापणीला घडी पाडण्याची, शस्त्रक्रिया करायची हे पक्कं झालं की पुढचा प्रश्न पद्धतीचा. सोल, तोक्यो, तैपेई, कुठेही विचारा, तीन पर्याय पुढे येतात: पापणीत धागा पुरून घडी पाडणं, दोन-तीन बारीक छेद घेऊन पाडणं, किंवा पापणीच्या पूर्ण लांबीचा छेद घेऊन पाडणं. धाग्याच्या पद्धतीला कोरियात मेमोल म्हणतात आणि जपानात माइबोत्सु. पूर्ण छेदाला अनुक्रमे जॉल्गे आणि सेक्काई. खरी निवड या दोन टोकांमध्येच असते. माझ्या एकाच पापणीला घडी नव्हती आणि मी धागा निवडला, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं तेवढं लक्षात ठेवून वाचावं.

डोळा उघडताना लेव्हेटर स्नायू पापणी वर ओढतो. ज्यांच्या पापणीला घडी असते त्यांच्यात या स्नायूच्या पसरट टोकाचे तंतू त्वचेपर्यंत पोचलेले असतात, म्हणून डोळा उघडला की त्या रेषेवर त्वचा आत ओढली जाते. पूर्व आशियातल्या बऱ्याच जणांच्या पापणीत हे तंतू नसतात किंवा अगदी विरळ असतात, चरबी थोपवणारा पडदाही खालच्या पातळीवर जोडलेला असतो आणि चरबी पापणीच्या कडेजवळ उतरते. दोन्ही पद्धती हा हरवलेला जोडच तयार करतात. धागा तो जोड बांधतो. छेदात जखम भरताना आतल्या आत जो व्रण तयार होतो, तोच जोडाचं काम करतो. दोघांचे सगळे गुणदोष या एका फरकातून निघतात.

धाग्याची पद्धत जुनी आहे. जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी 1896 मध्ये तिची नोंद केली, आणि त्यांच्या रुग्ण स्त्रीलाही एकाच डोळ्याला घडी नव्हती. तेव्हा रेशमी टाके घालून काही दिवसांनी काढून टाकत. आता बहुतेक ठिकाणी 7-0 जाडीचा, म्हणजे अगदी बारीक, नायलॉनचा धागा वापरतात आणि गाठ त्वचेखाली कायमची राहते. आधी बसवून, आरशासमोर, बारीक वाकवलेल्या तारेने पापणी दाबून घडीची जागा ठरवतात. डोळा मिटून त्वचा हलकी ताणली असता कडेपासून साधारण 6 ते 8 मिलिमीटरवर ही रेघ येते. उघड्या डोळ्यात त्यातला 2-3 मिलिमीटरचाच पट्टा दिसतो, कारण वरची त्वचा घडीवर येऊन बसते. मग ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिडोकेनची भूल, रेघेवर काही टाचणीएवढी छिद्रं, त्यातून धागा आत-बाहेर, शेवटी उठून बसायला सांगून दोन्ही डोळ्यांची तुलना. अर्ध्या तासाच्या आत काम आटोपतं. बाहेर टाके नसल्याने काढायलाही काही नसतं.

धाग्याबद्दल विचारायचे प्रश्न दोन. पहिला, सुटे दोन-तीन फास की एकाच गाठीचा सलग धागा? सलग धाग्यात ताण पूर्ण रेघेवर वाटला जातो आणि काढायची वेळ आली तर एकच गाठ शोधावी लागते. सुट्या फासांत एक सुटला तरी बाकीचे टिकतात, पण घडी मध्येच तुटल्यासारखी दिसू शकते. दुसरा प्रश्न, धागा कशाला अडकवणार? टार्सस म्हणजे पापणीतली कडक पट्टी. तिला अडकवला तर पकड ठाम मिळते, पण धाग्याचा भाग आतल्या बाजूने वर आला तर बुबुळावर घासतो. लेव्हेटरला अडकवला तर हालचाल मऊ राहते, पण फास घट्ट झाला तर पापणी जड वाटते, कधी किंचित खाली येते.

बिघडतं ते असं. घडी सैल होते किंवा पुसली जाते, ही मुख्य तक्रार. पापणी जाड असेल, चरबी भरपूर असेल, डोळे चोळायची सवय असेल, किंवा हौसेने रेघ फार वर घेतली असेल, तर धागा ताणाखाली राहतो आणि हळूहळू उतींमधून कापत सरकतो. घट्ट बांधल्याने टिकाऊपणा येत नाही, उलट हे सरकणं वाढतं. पातळ त्वचेत डोळा मिटल्यावर गाठ रव्याच्या कणाएवढी जाणवू शकते. छिद्राच्या जागी त्वचेचा अंश आत अडकला तर पांढरट पुटकुळी येते. उघडझाप करताना टोचायला लागलं, डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी दाखवावं. बुबुळावर ओरखडा पडत असण्याची शक्यता असते.

छेदाची पद्धत अधिक काम करते, हे मान्य करायलाच हवं. पूर्ण रेघेवर छेद, गरज असेल तर त्वचेची एखाद-दोन मिलिमीटरची पट्टी काढणं, त्वचेलगतच्या स्नायूची बारीक चिंधी काढणं, पडदा उघडून चरबी कमी करणं आणि खालच्या त्वचेची कड टार्ससला किंवा लेव्हेटरच्या पडद्याला शिवणं. तास-दीड तास लागतो. बाहेरचे टाके 5 ते 7 दिवसांनी निघतात. जी घडी बनते ती सहसा सुटत नाही. जाड, चरबीदार किंवा वयाने लोंबलेल्या पापणीत धाग्याने जे जमत नाही ते इथे जमतं. पहिले दोन-तीन आठवडे सूज इतकी असते की घडी ठरवल्यापेक्षा बरीच उंच दिसते. कोरियन लोक या सुजलेल्या, फुगीर पट्ट्याला सरळ सॉसेज म्हणतात. बहुतेकांची सूज उतरते, पण अंतिम आकार कळायला सहा महिने धरावेत.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती. दवाखान्यांच्या फोटोंत डोळे नेहमी समोर पाहत असतात. रोजच्या जगण्यात मात्र डोळे बराच वेळ खाली असतात: फोनवर, ताटात, पुस्तकात, लॅपटॉपवर. शेजारी बसलेल्या माणसाला आपली खाली झुकलेली पापणीच दिसते. नैसर्गिक घडी खाली पाहताना विरते, त्वचा सपाट होते, फार तर एक पुसट खूण राहते. धाग्याने पाडलेली घडीही बरीचशी तशीच वागते, कारण त्वचा आणि स्नायू यांच्यात दोरीपुरताच संबंध असतो. स्नायू सैल सोडला की दोरीही सैल पडते. छेदाच्या घडीत त्वचा खालच्या थराला व्रणाने चिकटलेली असते. डोळा मिटला तरी ती चिकटलेलीच राहते. म्हणून खाली पाहताना एक खोलगट रेघ दिसते, आणि रेघेच्या खालचा भाग थोडा फुगीर.

चांगल्या हाताने केलेल्या कामात ही रेघ वर्षभरात बरीच फिकी होते, काहींच्या बाबतीत अगदी जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ती खोल राहते त्याची कारणं ठरलेली असतात: स्नायूची चिंधी गरजेपेक्षा रुंद काढली, चरबी जास्त काढल्याने छेदाच्या वर पोकळी झाली, किंवा त्वचेची कड फार वरच्या जागी शिवली. तरीही छेदाची इतकी कामं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की समोरून दोन्ही पद्धती सारख्या देखण्या असू शकतात, खाली पाहताना सहसा नसतात. मेकअपने रेघ लपते. ज्यांना रोज मेकअप करायचा नाही, पुरुषांनी तर विशेष, त्यांनी हा मुद्दा हलका घेऊ नये. दवाखान्यात मिटलेल्या आणि अर्धवट झुकलेल्या डोळ्यांचे, सहा महिन्यांनंतरचे फोटो मागावेत. नसतील तर तेही एक उत्तरच.

मराठी वाचकासाठी इथे आणखी एक बाब. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जखम भरल्यावर काळसरपणा राहण्याची प्रवृत्ती जास्त असते. पापणीवर केलॉइड, म्हणजे जखमेपलीकडे वाढत जाणारा उंचवट्याचा व्रण, क्वचितच होतो, ती भीती बाळगू नये. पण उजळ त्वचेवर गुलाबी होऊन विरून जाणारी रेघ आपल्याकडे तपकिरी होऊन काही महिने रेंगाळू शकते. कोरियन दवाखान्यातल्या नमुन्याच्या फोटोंवरून आपला व्रण कसा दिसेल याचा अंदाज बांधता येत नाही.

मग छेद कोणी घ्यावा? पापणीची कातडी लोंबून पापणीच्या केसांवर येत असेल, पापणी चिमटीत धरल्यावर जाड आणि गुबगुबीत लागत असेल, किंवा धाग्याची घडी एकदा-दोनदा सुटली असेल, तर धाग्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं टेप किंवा गोंद लावून घडी पाडणाऱ्यांची त्वचाही ताणलेली असते. त्यांनी निदान दोन-तीन आठवडे टेप बंद ठेवून मगच तपासायला जावं, नाहीतर मापच चुकतं.

मधला पर्याय म्हणजे दोन-तीन छोट्या छेदांतून थोडी चरबी काढून आतून जोड शिवणं. त्वचा पातळ पण चरबी जास्त, वय कमी, अशा पापणीला तो छान बसतो. जास्तीची कातडी त्यातून काढता येत नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

पद्धत ठरवण्याआधी पापणी उचलण्याची ताकद तपासून घ्यावी, कारण झोपाळू दिसणारे डोळे प्रत्येक वेळी घडीअभावी तसे नसतात. समोर पाहताना बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेचं अंतर साधारण 4 ते 5 मिलिमीटर असतं. ते बरंच कमी असेल आणि भुवया वर करून पाहायची सवय असेल, तर स्नायू कमजोर आहे. अशा डोळ्यावर नुसती घडी पाडली तर पट्टा रुंद दिसतो आणि डोळा तितकाच झोपाळू राहतो. त्याला स्नायू घट्ट करण्याची दुरुस्ती जोडावी लागते, कोरियात तिला नुनमे ग्योजॉन्ग म्हणतात. शस्त्रक्रियेदरम्यान एक फसगतही होते: भुलेतल्या ॲड्रेनलिनने पापणी उचलायला मदत करणारा छोटा म्युलर स्नायू आकसतो, डोळा तात्पुरता जास्त उघडतो आणि कमजोरी झाकली जाते. म्हणून हे माप आधीच, भूल देण्यापूर्वी घेतलेलं असावं.

दुरुस्तीच्या बाबतीतही पारडं धाग्याकडेच जातं, असं मला वाटतं. घडी नको तिथे पडली, जास्त उंच झाली, तर सुरुवातीच्या आठवड्यांत धागा काढला की पापणी बरीचशी पूर्ववत होते. जितका उशीर तितकी आत चिकटण्याची खूण राहते. सैल झाली तर पुन्हा बांधता येते, किंवा तेव्हा छेदाकडे जाता येतं. छेदात कमी उंचीची घडी वर नेणं सोपं, पण उंच झालेली खाली आणणं फार कठीण, कारण त्यासाठी जुना व्रण सोडवावा लागतो आणि खाली ओढायला त्वचा शिल्लक हवी. ती आधीच काढलेली असते. त्यातही निदान सहा महिने थांबावं लागतं. वर चरबी जास्त काढलेली असेल तर घडीच्या वर दुसरी, अनाहूत घडी पडते, आणि ती भरायला चरबी परत घालण्याची वेळ येते.

खर्चात धागा स्वस्त, पण जपानमध्ये फासांच्या संख्येवर दर लावतात, त्यामुळे जाहिरातीतला आकडा सर्वांत साध्या कामाचा असतो. काही वर्षांची मोफत पुन्हा बांधून देण्याची हमी मिळत असेल तर ती त्याच दवाखान्यापुरती असते. भारतात परतणाऱ्याला तिचा उपयोग कमी. कोरियात गुंगीची भूल घेणार असाल तर विचारा: रुग्ण बेशुद्ध असताना होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी तिथे 25 सप्टेंबर 2023 पासून शस्त्रक्रियागृहात कॅमेरा असणं बंधनकारक आहे, आणि चित्रीकरण हवं असेल तर रुग्णाने आधी मागावं लागतं. धाग्यासाठी मात्र नुसती स्थानिक भूल पुरते, आणि जागं राहून डोळे उघडता येणं दोन्ही बाजू सारख्या येण्यासाठी फायद्याचंच.

निघताना कामाची नोंद लेखी घ्या: धाग्याचा प्रकार, जाडी आणि रंग, गाठी किती आणि पापणीच्या कोणत्या भागात, धागा टार्ससला की लेव्हेटरला. नायलॉन पारदर्शक असेल तर गाठ शोधणं निळ्या-काळ्या धाग्यापेक्षा अवघड जातं, आणि पुढे पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या नेत्र-प्लास्टिक सर्जनकडे धागा काढायला जावं लागलं तर ही नोंद असल्यास एका छिद्रात काम होतं. नसली तर गाठ सापडेपर्यंत पापणी चाचपत बसावं लागतं.