पेटिटग्रेन घ्या, नेरोलीचा नाद परवडत असेल तरच, आणि रबरी ड्रॉपर बघितला की पळा

परवा नेरोलीची, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांच्या सुगंधी तेलाची बाटली उघडली तर ड्रॉपरचं रबर च्युइंगमसारखं बोटाला चिकटून आलं. आतून फुगलेलं, वरून चिरलेलं, आणि त्याचा एक काळा कण तेलात पडलेला. 5 मिलीला जवळपास अडीच हजार मोजलेत, मिलीला ढोबळ 20 थेंब धरले तर थेंबाला 25 रुपये. म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर एवढा वेळ कुणाला आहे.

मागच्या पावसाळ्यापासून कडू संत्र्याची तिन्ही तेलं वापरतेय. फुलांची नेरोली, पानांची आणि कोवळ्या डहाळ्यांची पेटिटग्रेन, सालीचं बिटर ऑरेंज, झाड एकच. आपलं नागपुरी संत्रं वेगळं बरं का, शेजारच्या काकू साली साठवून ठेवायला लागल्या होत्या.

घेतली कशाला तर मी घरून जीएसटीचे रिटर्न भरायची कामं करते, 20 तारीख जवळ आली की डोकं आउट, रात्री पडलं तरी आकडे नाचतात. विकणाऱ्यांनी माहितीत कोरियातला 2014 चा एक अभ्यास टाकला होता, पाळी थांबलेल्या 63 बायकांना नेरोलीचा वास दिला, थोडा फरक दिसला वगैरे. शोधून वाचला तर तो 5 दिवसांचा निघाला. 5 दिवसांत आमच्याकडे गिझरवाला पण येत नाही. पण वास मात्र खरंच नाद खुळा आहे, गोड आहे पण गजऱ्यासारखा अंगावर येत नाही, मागे जरा हिरवट कडवट राहतो. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना सांगत सुटले होते की हेच घ्या.

तेल महाग का ते पण समजलं, साधारण हजार किलो फुलांतून एक किलो तेल निघतं, फुलं हातानं वेचायची, ट्युनिशिया-मोरोक्कोकडे हा धंदा आहे. त्यामुळे 10 मिली तीनशे रुपयांत 'प्युअर नेरोली' कोण देत असेल तर ते नेरोली सोडून काहीही असू शकतं. कागदावर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर बदाम नाहीतर जोजोबा तेलात पातळ केलेलं आहे. पण पेटिटग्रेन मिसळलेलं असलं तर डाग पडत नाही, ते नाकाला पण पटकन कळत नाही, त्यासाठी बॅच नंबरसकट जीसी-एमएसचा, म्हणजे तेलात कुठले घटक किती ते दाखवणाऱ्या लॅब चाचणीचा रिपोर्ट मागायचा. मी मागितला, आला. म्हणजे तेलाबद्दल तक्रार नाहीच.

तक्रार बाटलीबद्दल. या तेलांतला लिमोनीन नावाचा घटक रबराला खातो, बाटली उभी असली तरी वाफ वर जाऊन रबर फुगतं, मऊ होतं, मग हवा आत जाते आणि तेल उडतं ते वेगळंच. अडीच हजाराच्या मालावर दोन रुपयाचं रबर कशाला लावायचं? फोटो पाठवला तर म्हणे नॉर्मल वेअर अँड टिअर मॅडम, शिवाय सील उघडलेला माल परत घेत नाही. सील न उघडता ड्रॉपर कसा बघायचा ते तुम्हीच सांगा म्हटलं, त्यावर चार दिवस गप. नंतर गुडविल म्हणून कुरिअरनं काय पाठवलं असेल? नवीन ड्रॉपर. तसलाच, रबरी. कुरिअरच्या खर्चात चांगलं झाकण आलं असतं की.

शेवटी इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला एका अत्तरवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, "ताई, तेलाला रबर दाखवायचंच नसतं," आणि काचेच्या कांडीचं बूच असलेली छोटी अत्तराची कुपी दिली. तेल गाळून तिच्यात ओतलं. कांडीनं थेंबाच्या निम्मंच तेल येतं, म्हणजे साडेबारा रुपयांत काम. उजेड नको म्हणून कुपी डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवलीय, तर नवऱ्यानं विचारलं होमिओपॅथी कुणाची.

आता पेटिटग्रेन. हे मी खरं तर फुकट डिलिव्हरीची रक्कम भरायला घेतलं होतं, 15 मिली सहाशेला, थेंबाला दोन रुपये. सुरुवातीला आवडलं नाही, पाला चुरगाळल्यासारखा वास, वर लाकडासारखा कोरडेपणा. पण नेरोली जपून वापरायची म्हणून डिफ्यूजरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवायच्या यंत्रात, हे टाकायला लागले आणि हळूहळू मत फिरलं. दुपारी कामाला बसताना तीन-चार थेंब पुरतात, डोकं जड होत नाही, आणि रात्री पण चालतं. याच्यात निम्म्याच्या आसपास लिनॅलिल ॲसिटेट नावाचं वासाचं द्रव्य असतं, लॅव्हेंडरमधलं पण मुख्य तेच. झोपेची गोळी समजू नका, 20 तारखेला मी जागीच असते, फक्त चिडचिड कमी. आणि हे प्लॅस्टिकच्या ठिबक बुचाच्या बाटलीत आलं, एकदा पण त्रास नाही. स्वस्त तेलाला चांगलं बूच आणि महागाला रबर, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

एक उपयोग कुठं लिहिलेला नाही तो सांगते. 17व्या शतकात इटलीत नेरोलाच्या राजघराण्यातल्या बाईंनी हातमोज्यांना नेरोली लावायची फॅशन आणली म्हणतात, चामडंच ते. आपल्या पावसात कोल्हापुरी चपला भिजून काय वास मारतात माहीतच आहे. कापसावर पेटिटग्रेनचे दोन थेंब टाकून तो बोळा चपलेच्या कपाटात ठेवला, चामड्याला थेट लावलं नाही, फरक लई पडला. हातमोजे राहूदेत तिकडं.

सालीचं तेल फरशी पुसायच्या पाण्यात ठीक, वास एकदम फ्रेश, सकाळी आळस जातो. पण दाबून काढलेलं असेल तर अंगाला लावून उन्हात जायचं नाही, कातडी भाजल्यागत होते, डाग पडतात. इफ्रा म्हणून सुगंधवाल्यांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिची मर्यादा 1.25 टक्के आहे. एप्रिलमध्ये गाडीवरून राजारामपुरी ते शिरोली जाणाऱ्यांनी लांबच राहा. नेरोली आणि पेटिटग्रेनला हा उन्हाचा त्रास नाही, तरी नुसतं लावू नका, 30 मिली खोबरेलात सहा थेंब म्हणजे साधारण एक टक्का, तेवढं बास. घरात मांजर असेल तर तिन्ही डिफ्यूजरमध्ये नकोत, मांजरांना ही तेलं पचत नाहीत.

नेरोली संपली की परत घेणार नाही. फुलांचं तेल काढताना खाली जे पाणी राहतं ते खाण्याच्या दर्जाचं पण मिळतं, बरंच स्वस्त, मोरोक्कोकडे मिठाईत घालतात. ते मागवायचं डोक्यात आहे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, माझ्या बासुंदीत घातलंस तर बघ.