सील फोडलं की परत नाही: 48 बनावट एसएफपींचा अनुभव

आधी आकडे सांगतो, लाज सगळी त्यांतच आहे. एसएफपी प्लस मॉड्यूल (नेटवर्क स्विचच्या पोर्टमध्ये बसणारा, फायबरमधून उजेडाने डेटा पाठवणारा भाग) 48 नग, 10 जी एलआर (सेकंदाला 10 गिगाबिट, लांब पल्ल्याचे). बाकीच्या कोटेशनांपेक्षा 38 टक्के स्वस्त. पैसे शंभर टक्के आगाऊ. धड निघाले 17.

झिजलेली मॉड्यूल घासूनपुसून, आतल्या ईईप्रॉमवर (मॉड्यूलची ओळख साठवणाऱ्या चिपवर) नामांकित कंपनीचं नाव चढवून नवी म्हणून खपवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बारा वर्षं स्विच हाताळतोय. पण अधिकृत पुरवठादार आठ आठवडे थांबा म्हणत होता, इकडे लिंक रोज पडत होत्या आणि वरून तासातासाला फोन. त्यात होलोग्रामचं सीलबंद पाकीट हातात आलं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

बदलायचं काम मात्र नियमाने केलं. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, आधी फायबर काढायची, मग निळी कडी ओढून मॉड्यूल. धूळटोपी अगदी शेवटी काढायची, कनेक्टर पुसून स्कोपखाली (सूक्ष्मदर्शकाखाली) बघायचा. (फायबरच्या तोंडाशी डोळा नेऊ नका. 1310 नॅनोमीटरचा उजेड दिसत नाही, पण असतो.)

तिसऱ्या पोर्टला फायबर चुकीची लागली म्हणून ती उपसली. स्क्रीनवर आरएक्स पॉवर (आत येणारा उजेड) उणे 3.1 डीबीएम (उजेडाची ताकद मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). फायबर माझ्या हातात लोंबतेय आणि मॉड्यूल म्हणतंय उजेड येतोय! पहिल्या पोर्टला उणे 3.1. दुसऱ्यालाही. तापमान तिन्हीकडे 35.0, दशांशाचाही फरक नाही. रात्रीचे अडीच वाजले होते, कामासाठी मिळालेली विंडो (ठरलेली वेळ) चारला संपणार. 'रिफ्रेश झालं नसेल,' असं पुटपुटलो आणि चौथं पाकीट फाडलं. तिथेच हात थांबला असता तर 45 पाकिटं जशीच्या तशी परत करता आली असती. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

सहाव्या दिवशी सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाच्या नोंदींचा) पाऊस. मग पॉवर मीटर (उजेड मोजायचं यंत्र) लावला. तो आधीच लावायचा असतो, हे मीच ज्युनियरांना शिकवतो. स्क्रीनवर टीएक्स (बाहेर जाणारा उजेड) उणे 2.5, मीटरवर उणे 11.4. एलआरला किमान उणे 8.2 तरी हवं. स्क्रीनवरचे आकडे खोटेच भरलेले होते. दोन मॉड्यूलांचा सिरियल नंबर तर एकच निघाला. लेबलवरचा आणि स्विच वाचतो तो, दोन्ही नंबर ताडून बघा. आणि आधी दोनच नग मागवा, कितीही घाई असो.

विक्रेता म्हणाला, तुमची फायबर घाण असेल. स्विचवाल्या कंपनीला सिरियल दिले, तर ते दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर. वर माल माझ्याकडे कुठून आला याचा खुलासा मलाच मागितला. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांत गेलो तर, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" डीबीएम म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला, शेवटी साहेबांनी विचारलं, "पण दिवा तर लागतोय ना?" तिथून दिवाणी मामला म्हणून वाटेला लावलं. जिथून खरेदी केली त्या पोर्टलवर तीन तक्रारी केल्या, तिन्ही 'निकाली'. कारण एकच: सील फोडलेला माल परत घेतला जात नाही. सील न फोडता मॉड्यूल स्विचमध्ये घालायचं कसं, ते विचारलं, तर फोन होल्डवर टाकला.