आईला डेटा नको, नुसतं बोलायचंय

आमच्या घरातलं रिचार्जचं खातं माझ्याकडे. नवऱ्याचा, लेकाचा, माझा आणि मिरजेला आईचा. आईचा फोन बटणांचा. मावशीशी गप्पा, मला दोन वेळा फोन आणि गॅसचा नंबर लावणं, एवढंच त्याचं काम. तरी तिच्या सिमवर रोज दीड जीबी डेटा पडत होता, कारण मनसोक्त बोलायचं तर डेटा गळ्यात मारूनच मिळायचा.

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर हे फारच खुपायला लागलं. ८४ दिवस, रोज दीड जीबी या हिशेबात जिओचा ६६६ चा प्लॅन ७९९ वर गेला, एअरटेलचा ७१९ चा ८५९ वर. म्हणजे बटणांच्या फोनसाठी १२६ जीबी विकत घ्यायचे आणि रोज रात्री बारा वाजता त्यातले दीड वाया घालवायचे.

मग डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवायला लावलं. जानेवारीत ते आले. पहिले दर जरा चढेच होते, ते लगेच खाली आणून जिओने ४४८ चा ठेवला, एअरटेलने ४६९ चा. दोन्ही ८४ दिवसांचे, कॉल अमर्याद. २८ दिवसांना दीडशेच्या आसपास पडतात. (२८ दिवसांचा महिना हाही कंपन्यांचाच शोध. वर्षाला तेरा रिचार्ज! २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचा प्लॅनही ठेवायला सांगितला, पण पोस्टरवर तो तुम्हाला कधी दिसला असेल तर सांगा.)

आईचं सिम या दोनांपैकी एका कंपनीचं आहे, कुठल्या ते राहू दे. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तर काउंटरवरच्या लॅमिनेट केलेल्या तक्त्यात हा प्लॅनच नाही. पोरगा म्हणाला, "ताई, तो बंद झाला." ॲप उघडलं. वर ओटीटीवाले, मग फाइव्ह-जीवाले, 'सर्वाधिक विक्री'वाले. सगळ्यात शेवटच्या टॅबमध्ये, तळाशी, हा बिचारा बसलेला. ना रंगीत पट्टी, ना 'मोफत'. पोराला स्क्रीन दाखवली तर म्हणतो, "असू शकतो."

प्लॅन म्हणून सांगायचं तर उत्तम. आवाज तोच, रेंज तीच, ओटीपी येतात. एसएमएस ढीगभर आहेत, ते आई कोणाला पाठवणार देव जाणे. ज्यांच्या घरी वायफाय आहे आणि स्मार्टफोन घराबाहेर फारसा लागत नाही, त्यांनाही चालेल. बाहेर यूपीआय करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, भाजीवाल्यासमोर फजिती होईल.

आता 'मोफत'चं. सगळंच फसवं नाही हो. जिओचा रोज दोन जीबीचा ८४ दिवसांचा प्लॅन ८५९ ला आणि हॉटस्टारसकट ९४९ ला. वरचे नव्वद. हॉटस्टारचं मोबाइलवरचं तीन महिन्यांचं वर्गणीचं पॅक सुटं घेतलं तर १४९. लेक आयपीएल फोनवरच बघतो, त्याला मी हाच मारते. पण हे मोबाइलपुरतं असतं, टीव्हीवर लावायला गेलात की वेगळे पैसे, आणि ते बारीक अक्षरात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओने जेमिनी प्रो हे गुगलचं एआय दीड वर्ष फुकट दिलं, किंमत म्हणे ३५,१०० रुपये. त्याआधी एअरटेलने पर्प्लेक्सिटी प्रो, तेही एआयच, वर्षभरासाठी दिलं, ते म्हणे १७,००० चं. साडेतीनशेच्या रिचार्जवर पस्तीस हजार! आमच्याकडे साडीच्या सेललासुद्धा एवढी सूट कोणी लिहीत नाही. जी वस्तू आपण त्या किमतीला कधीच घेतली नसती, तिची किंमत बचतीत कशी धरायची?

आईच्या प्लॅनला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो ८४ दिवसांच्या अटीसाठी. पेन्शनवर महिन्याचं गणित बसवणाऱ्या बाईला साडेचारशे रुपये एकदम काढायला लावू नयेत. दीडशेत २८ दिवस नुसतं बोलणं द्या, आणि ते दुकानातल्या तक्त्यावर छापा.